आधी ऐक, मग पाना घे

तुझ्या रिमोटच्या गाडीतून आवाज येतोय म्हणून तिचं इंजिन एवढ्यात खोलू नकोस. तुझ्या हातावर माझा विश्वास नाही म्हणून सांगत नाही गं. खोलायची वेळ आलीच तर तूच खोलायचंस, मी शेजारी बसून स्क्रू ठेवायला ताटली धरीन. पण खोललेलं इंजिन आवाज करत नाही, आणि आत्ता तुझ्याकडे त्या आवाजाशिवाय दुसरा कुठलाच पुरावा नाही. पाना लागला की तोही गेला. कॉलेजातल्या पोरांनी चौघांनी चार निदानं केली असतील. ती घटकाभर बाजूला ठेव आणि निवांत बस.

तू सांगलीला वालचंदमध्ये मेकॅनिकल शिकतेस, टू-स्ट्रोकची आकृती मी तुला काय समजावणार? पण ऐकायचं कसं ते मला माहीत आहे, आणि ते मी शिकले आपल्या विहिरीवरच्या मोटरीपाशी. आबांचे गुडघे बोलायला लागले आणि मोटर माझ्याकडे आली, तेव्हाची गोष्ट. वैशाखात पंपातून आवाज यायला लागला, आत कुणी खडे टाकलेत असा. जो तो सांगून गेला, बेअरिंग गेलं, पंप बदला. शेवटी किर्लोस्करवाडीत उभी हयात पंपांच्या टेस्टिंगला काढलेले शेजारचे काका आले. त्यांनी पंपाला हातसुद्धा लावला नाही. विहिरीत वाकून बघितलं आणि म्हणाले, पाणी किती खाली गेलंय बघ. हवेचा दाब कागदावर पाण्याला दहा मीटर वर ढकलतो, पण खऱ्या पंपाची ओढ सहा-सात मीटरच्या पुढं धड चालत नाही. त्याहून जास्त ओढायला लावलं की इम्पेलरपाशी दाब इतका पडतो की पाणी थंड असतानाच उकळतं. बुडबुडे होतात, पुढे दाबाच्या बाजूला गेले की मिटतात, आणि ते मिटणं म्हणजेच आपल्याला ऐकू येणारे खडे. आम्ही पंप खालच्या टप्प्यावर उतरवला आणि आवाज गेला. दुखणं विहिरीत होतं, ओरडत होता पंप.

आपल्याकडे असे कान असलेली माणसं घरोघर सापडतात, त्याला कारण आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळावर, कुंडल रोड स्टेशनाजवळ, कारखाना काढला आणि किर्लोस्करवाडी वसवली. नांगर ते आधीपासून करत होतेच, १९२६ मध्ये पंप आला. तेव्हापासून कुंडल, पलूस, रामानंदनगर या पट्ट्यात कुणाचा आजा फौंड्रीत, कुणाचा चुलता मशीनशॉपला. आणि १९३० साली बायकांसाठीचं ‘स्त्री’ मासिकही त्याच वाडीतून निघालं. पंप ओतणारी वाडी आणि बायकांना लिहितं-वाचतं करणारी वाडी एकच, याचा मला फार अभिमान वाटतो. तू हातात पाना घेतलास की कुणी तोंड वाकडं केलं, तर तू कुठली आहेस ते मनात आठव. उत्तर द्यायचीही गरज नाही.

आता तुझ्या गाडीकडे येऊ. ही बॅटरीवर गुरगुरणारी खेळण्यातली गाडी नाही, हिच्यात खरं इंजिन आहे, ३.३ सीसीचं का होईना. त्यात ठिणगी नाही. ग्लो प्लगमधली प्लॅटिनमची बारीक तार सुरुवातीला इग्नायटरच्या दीड व्होल्टवर लाल होते. नंतर मेथॅनॉलची वाफ त्या प्लॅटिनमला लागली की तिथंच जळते आणि तार आपली आपण तापती राहते. म्हणून इग्नायटर काढून घेतला तरी इंजिन बंद पडत नाही. इंधनात मेथॅनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल. नायट्रोमिथेन स्वतःचा थोडा ऑक्सिजन बरोबर घेऊन येतं, त्यामुळं तेवढ्याच हवेत जास्त इंधन जाळता येतं. पेट्रोलच्या एका भागाला पावणेपंधरा भाग हवा लागते, मेथॅनॉलला साडेसहाच्या आत, नायट्रोमिथेनला तर दोनाच्याही आत. आणि तेलाची वेगळी टाकी नाही, वेगळा पंप नाही. पिस्टनला, कनेक्टिंग रॉडला, बेअरिंगला जे तेल मिळतं ते इंधनातूनच. इंधन कमी गेलं की तेल कमी गेलं. हे एवढं डोक्यात ठेव, पुढं पुन्हापुन्हा लागणार आहे.

काही आवाज तर दुखण्याचे नाहीतच, आणि नवीन माणूस नेमका त्यांनाच घाबरतो. विहिरीवरची मोटर मिनिटाला तीन हजारांच्या आत फिरते, तुझं इंजिन तीस हजारांच्या घरात जातं, तेव्हा त्याचं कानठळ्या बसवणारं किंचाळणं हे त्याचं रोजचं बोलणं आहे. थंड इंजिनाचं फ्लायव्हील हातानं फिरवलं की वरच्या टोकाला ते अडकतं आणि चिर्र करतं. तेही ठीक. स्लीव्ह पितळेची, आतून क्रोम केलेली, आणि वरच्या टोकाला मुद्दाम किंचित निमुळती ठेवलेली असते. तापली की ती ॲल्युमिनियमच्या पिस्टनपेक्षा जास्त फुगते आणि मग दोघांची बैठक बरोबर जमते. थंडीच्या दिवसांत सकाळी गाडी काढणार असलीस तर आधी हेअर ड्रायरनं हेड कोमट करून घे, त्या अडकलेल्या जागी पिस्टन ओढून ओढून झिजवू नकोस. उलट थंड इंजिन वरच्या टोकालाही सुळ्ळकन फिरायला लागलं, कुठं अडकेनाच, तर ती काळजीची गोष्ट. तिथली झीज परत येत नाही. तुझ्या गाडीला दोन गिअर असतील तर वेग घेताना मध्येच आवाज एकदम खाली उतरतो आणि पुन्हा चढतो. तो गिअर पडल्याचा. चालू द्यावं.

आता खरा प्रश्न. ‘कसला आवाज?’ हा प्रश्न तू स्वतःला सगळ्यात शेवटी विचार. आधी विचार, कधी येतो? इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढतो-उतरतो की चाकांच्या वेगाबरोबर? वळतानाच येतो का? गाडी तापल्यावर सुरू होतो की थंड असतानाच? ॲक्सिलरेटर सोडल्यावर जातो की वाढतो? तुझ्याजवळ या प्रश्नांची उत्तरं असतील तर निम्म्याहून जास्त गाडी तू न खोलताच बाद करतेस.

म्हणून पहिली तपासणी इंजिन बंद ठेवून. गाडी अंगणात फरशीवर हातानं ढकल. इंजिन बंद असतानाही खरखर, टकटक ऐकू आली तर आवाज क्लचच्या पलीकडचा, म्हणजे गिअर, डिफरन्शियल, शाफ्ट, चाकं. मग एकेक चाक उचलून फिरव, धरून हलव. चाकाचा नट सैल झाला, की आतली पिन झिजली, की चाक डुगडुगतं आणि खडखड वाजतं, आणि माणसं मात्र इंजिनाला बोल लावत बसतात. एक मागचं चाक धरून दुसरं फिरव. हाताला वाळू दळल्यासारखं लागलं तर डिफरन्शियलचे दात गेलेत किंवा ग्रीस संपलंय. स्टिअरिंग पूर्ण वळवून चाक फिरव. फक्त वळतानाच टक-टक होत असेल तर पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचा सांधा.

क्लच बेल आणि प्लॅस्टिकचा मोठा स्पर गिअर यांच्यातलं अंतर फार नाजूक असतं. फार घट्ट असले तर उंच सुरात कण्हतात आणि इंजिनाच्या बेअरिंगवर नाहक ताण. फार सैल असले तर कर्रर्र करत दात घसरतात, आणि प्लॅस्टिकचा गिअर दोन-चार झटक्यांत टकला होतो. वहीच्या कागदाची बारीक पट्टी दोघांच्या मध्ये घाल, इंजिन सरकवून तिच्यावर टेकव, स्क्रू आवळ आणि गिअर फिरवून पट्टी काढून घे. पट्टीवर नागमोडी घड्या पडल्या पण ती फाटली नाही, म्हणजे जमलं. हे एका जागी करून भागत नाही. गिअर पूर्ण फिरवून तीन-चार ठिकाणी बघ, कारण स्पर गिअर थोडा वाकडा फिरत असेल तर एका बाजूला बरोबर आणि दुसऱ्या बाजूला सैल येतो. इंजिन धरणारे स्क्रू कंपनानं ढिले होतात, तेव्हा त्यांना थ्रेडलॉक लाव. पण फक्त धातूत धातू बसतो तिथंच. प्लॅस्टिकला लावलंस तर ते तडकतं.

आता इंजिन चालू करून. केस घट्ट बांध, ओढणी घरात ठेवून ये. हे मी थोरलेपणा मिरवायला सांगत नाही. उघडं फ्लायव्हील तुझ्या बोटापासून वीतभरावर फिरत असतं. गाडी डब्यावर ठेव, चाकं अधांतरी, आणि नुसत्या आयडलवर ऐक. अधांतरी असताना पूर्ण ॲक्सिलरेटर कधीही देऊ नकोस. ओझं नसलेलं इंजिन क्षणात नको तेवढं फिरतं, आणि तिथं कनेक्टिंग रॉड जातो.

आयडलवर बारीक चिवचिव येते आणि गाडी वेग घेते तेव्हा ती पूर्ण थांबते, असं असेल तर मी डोळे झाकून क्लच बेलच्या दोन छोट्या बेअरिंगवर बोट ठेवीन. का, ते बघ. आयडलला बेल थांबलेली असते आणि आतला शाफ्ट फिरत असतो, म्हणजे मधलं बेअरिंग काम करत असतं. क्लच धरला की दोघं एकत्र फिरतात, बेअरिंगला कामच उरत नाही आणि आवाज बंद होतो. याच्या उलट, फेरे वाढतील तसा सूंऽऽ वाढतच गेला आणि क्लचशी त्याचा काही संबंध दिसला नाही, तर तो क्रँकशाफ्टच्या बेअरिंगचा, बहुतेक मागच्या मोठ्या बेअरिंगचा. आयडललाच चाकं फिरू पाहतात आणि घासल्यासारखा आवाज येतो? आधी बघ, आयडल जास्त लावलाय का. नसेल तर क्लचची स्प्रिंग थकली आहे. आणि इंजिन बंद असतानाही एक भुणभुण चालूच राहते, ती सर्व्होची. ब्रेक त्याच्या मर्यादेच्या पलीकडे ओढायचा प्रयत्न चाललेला असतो. रिमोटवरून त्याची धाव कमी कर, नाहीतर सर्व्हो जळेल.

आता ज्या आवाजासाठी एवढं सगळं सांगायला बसले, तो. तुझ्या गाडीभोवती चार पोरं जमली की त्यातला एक हमखास म्हणणार, कार्ब्युरेटरची नीडल थोडी आवळ, आवाज भारी येईल. आवळली की खरंच येतो. धूर कमी होतो, सूर धारदार होतो, गाडी बाणासारखी सुटते, सगळे टाळ्या वाजवतात. बाळा, तोच आवाज इंजिनाच्या मरणाचा आहे. नीडल घड्याळाच्या दिशेनं आत गेली म्हणजे इंधन कमी झालं, आणि इंधनाबरोबर तेल. ते इंजिन त्या घटकेला जोरात चालतंय कारण ते कोरडं पडत चाललंय. मिश्रण पातळ पडल्याच्या खुणा ओळखायला शीक: धुराची निळसर रेघ दिसेनाशी होते, सरळ पल्ल्याच्या शेवटी सूर पातळ होऊन गाडी दम सोडते, ॲक्सिलरेटर सोडला तरी फेरे लगेच खाली येत नाहीत, आणि सगळ्यात वाईट म्हणजे इंजिनातून बारीक तडतड येते. ती तडतड म्हणजे इंधन आपल्या वेळेआधीच भडकतंय. ती ऐकलीस की पुढच्या फेरीची वाट बघू नकोस, तिथंच बंद कर.

मिश्रण गाढ असेल तर उलट. आवाज घोगरा, गुडगुडणारा, धूर भरपूर, वेग घेताना अडखळतं. ऐकायला गबाळं वाटतं, पण गाढ मिश्रणानं इंजिन मरत नाही, नुसतं आळसावतं. त्यामुळं शंका आली की नेहमी गाढ बाजूला चूक कर. नीडल एका वेळी घड्याळाच्या काट्यानं एक तास ओलांडावा एवढीच फिरव, मग गाडी एक-दोन फेऱ्या चालव, मगच पुन्हा हात लाव. वरच्या वेगाची नीडल आधी, खालच्या वेगाची नंतर. खालची बरोबर आहे का हे बघायची सोपी युक्ती: इंजिन तापलेलं असताना, आयडलवर, कार्ब्युरेटरजवळ इंधनाची नळी चिमटीत दाब. फेरे किंचित चढून दोन-चार सेकंदांत बंद पडलं तर ठीक. लगेच मेलं तर पातळ. बराच वेळ चढत राहिलं तर गाढ.

कानाबरोबर हातही वापर. हेडवर पाण्याचा एक थेंब टाक. लगेच चर्र होऊन उडाला तर फार तापलंय. तीन-चार सेकंद उकळत राहिला तर बरं चाललंय. नुसता पडून राहिला तर थंड. थर्मामीटर मिळाला तर आणखी चांगलं: प्लगजवळ साधारण शंभर ते एकशेवीस अंशांच्या आसपास राहू दे. पण नुसत्या आकड्याच्या मागं लागू नकोस. मे महिन्यात भर दुपारी तीच नीडल वेगळी बोलते आणि पौषातल्या सकाळी वेगळी. थंड हवा दाट असते, त्यात ऑक्सिजन जास्त, म्हणून थंडीत इंधन थोडं वाढवावं लागतं. दुपारी जमवलेली नीडल दुसऱ्या दिवशी सकाळी तशीच चालवलीस तर ती पातळ पडलेली असते, तू न फिरवताच. प्लग काढून तारेकडे बघ. चकचकीत आणि सरळ असेल तर उत्तम. करडी, खरबरीत, वाकडी झाली असेल तर इंजिन कोरडं पळत होतं.

आता विहिरीतल्या पाण्याची गोष्ट इथं उपयोगाला येते. समज नीडल बरोबर आहे आणि तरी इंजिन पातळ पडल्यासारखं किंचाळतंय, आयडल वर-खाली होतोय. नीडल फिरवत बसू नकोस, गळती शोध. कार्ब्युरेटरच्या बुडाशी ओ-रिंग असते, मागच्या झाकणाखाली गॅस्केट असतं, तिथून हवा आत ओढली जाते. टाकीचं झाकण नीट बसत नसेल तरी तेच. आणि एक गळती अशी की आवाज बाहेर येतो आणि परिणाम आत होतो. इंजिन आणि सायलेन्सर जोडणारी सिलिकॉनची नळी फाटली की फट्‌फट्‌ असा उघडा आवाज येतो, सगळीकडे काळं तेल उडतं, आणि माणूस म्हणतो, आवाजच तर वाढलाय, चालू दे. पण सायलेन्सरमधून एक बारीक नळी टाकीत जाते, आणि त्या दाबावरच इंधन कार्ब्युरेटरकडे ढकललं जातं. दाब गळला की इंधन कमी, इंधन कमी की तेल कमी, आणि पिस्टन जळतो. टाकी तपासायची तर रिकामी करून धू, पाण्यात बुडव, एक नळी बोटानं बंद कर आणि दुसरीतून फुंक. बुडबुडे कुठून येतात ते दिसेल.

एक आवाज मात्र असा आहे की तो ऐकल्यावर मी तुला लगेच पाना घ्यायला सांगेन. ओझ्याखाली, चढावर, वेग घेताना आतून जड टक-टक येते आणि नीडल, गिअर, नट सगळं जागेवर आहे. तो कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचा. इंजिन बंद करून, पिस्टन वरच्या टोकाजवळ आणून फ्लायव्हील हलकेच मागं-पुढं हलव. पिस्टन हलण्याआधीच मधे मोकळी जागा जाणवली, बारीकसं टक्‌ लागलं, तर रॉड झिजलाय. अशा इंजिनाची एकही फेरी मारू नकोस. रॉड बदलणं तुझ्या आवाक्यातलं काम आहे. तुटलेला रॉड पिस्टन, स्लीव्ह आणि बाहेरची केस सगळं घेऊन जातो. खोलताना स्लीव्ह कुठल्या बाजूला तोंड करून होती याची मोबाइलवर फोटो काढून खूण ठेव. पिस्टनही तसाच, जसा होता तसाच परत.

आपल्याकडची धूळ विसरू नकोस. क्रांती कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी पाणंदीचं पीठ होतं, आणि ते पीठ हवेतून थेट फिल्टरवर बसतं. फिल्टरच्या फोमला तेल लावलेलं हवं, कोरडा फोम बारीक धूळ अडवत नाही. फिल्टर जिथं कार्ब्युरेटरवर बसतो तिथली रबरी मान चिरली असेल तर हिस्सऽ असा ओढल्याचा आवाज येतो. फार हळू असतो, म्हणून शांत ठिकाणी ऐक. एवढ्या वाटेनं गेलेली धूळ स्लीव्ह आणि पिस्टन घासून काढते. गाडी चालवायला झरी पार्श्वनाथाच्या डोंगराच्या बाजूचा मुरमाड माळ मला रस्त्यापेक्षा बरा वाटतो, फक्त यात्रेकरूंची वाट सोडून लांब जा. लोक तिथं शांततेसाठी येतात.

आणि तुझ्या हाताच्या जोराबद्दल कुणी काही बोललं तर ते मनाला लावून घेऊ नकोस. इंजिन सुरू करायची दोरी ओढताना ती मध्येच दगडासारखी अडकते, मग बघणारा एखादा पुढं होतो, म्हणतो, दे इकडं, तुला जमायचं नाही, आणि सगळा जोर लावून ओढतो. दोरी तुटते किंवा रॉड वाकतो. ते जोराचं काम नसतंच. इंजिनात इंधन भरून बसलंय, आणि द्रव दाबला जात नाही, एवढंच. ग्लो प्लग काढ, गाडी उलटी धर, तोंड बाजूला करून दोरी हळूहळू ओढ. इंधन भोकातून बाहेर उडेल. पुसून घे, प्लग लाव, पुन्हा सुरू कर. हे तू एकदा सगळ्यांसमोर शांतपणे केलंस की पुढच्या वेळी कुणी हात पुढं करणार नाही. मोटरीपाशी मला हाच अनुभव आला. मी फूट व्हॉल्व्ह उघडून त्यात अडकलेला काडीकचरा काढला, तेव्हापासून भावकीतली माणसं स्वतःच्या मोटरीला काय झालंय ते मला विचारायला येतात.

रोजचं गाडी चालवणं संपलं की टाकी रिकामी कर आणि नळीत उरलेलं इंधन जळून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालव. मग प्लगच्या भोकातून आणि कार्ब्युरेटरमधून आफ्टर-रन तेलाचे थोडे थेंब सोडून फ्लायव्हील फिरव. जळलेल्या नायट्रोमिथेनचं आम्ल आत राहतं, मेथॅनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि दोघं मिळून मागचं बेअरिंग गंजवतात. मघाशी सांगितलेला तो सूंऽऽ बहुतेक वेळा मैदानावर जन्मत नाही, पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या गाडीत जन्मतो.

इंधनाबद्दल मात्र मी तुला मोकळीक देणार नाही. मेथॅनॉल विष आहे, थोडं पोटात गेलं तरी डोळे जातात, जीवही जातो, आणि ते कातडीतूनही शिरतं. हातमोजे घाल. थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ते कधीही काढून ठेवू नकोस, घरात बारकी पोरं आहेत आणि आईला रात्री लाइट न लावता पाणी प्यायची सवय आहे. त्याची ज्योत उन्हात दिसत नाही, तेव्हा सांडलेलं असताना इग्नायटर लावू नकोस. पाण्याची बादली जवळ ठेव, मेथॅनॉल पाण्यात मिसळतं आणि आग विझते. पुण्याहून आणणार असलीस तर रेल्वेनं आणि एसटीनं आणू नकोस. ज्वलनशील पदार्थ डब्यात न्यायला बंदी आहे, आणि ती बरोबरच आहे.

आता रविवारी एवढंच कर. मोबाइलवर तीन वेगवेगळे आवाज टिपून पाठव: इंजिन बंद ठेवून गाडी ढकलतानाचा, डब्यावर ठेवून नुसत्या आयडलचा, आणि माळावर गाडी तुझ्या समोरून जातानाचा. प्रत्येकाच्या आधी तोंडानं सांग, इंजिन थंड आहे की तापलेलं, आणि नीडल शेवटची कधी फिरवली होतीस. प्लगच्या तारेचा फोटो जवळून काढ. चाकं वळवून फिरवताना टकटक आली तर ती दोन्ही बाजूंना येते की एकाच बाजूला, तेही बघ. एकाच बाजूला असेल तर दुसऱ्या बाजूचा शाफ्ट काढायची गरज नाही.